कोऱ्या पानावर सही नाही

(कर्जत तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य बाईंनी मिरजगाव येथे बायकांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. त्यांच्या वॉर्डातल्या बायकाही बैठकीला आल्या होत्या. बाईंच्या इच्छेवरून त्यांचं आणि त्यांच्या गावाचं नाव दिलेलं नाही. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



"मला भाषण येत नाही" असं म्हणून बाईनं सुरुवात करायची पद्धत आहे. मी ते म्हणणार नाही. पाच वर्षं ग्रामसभेत पुरुषांच्या आवाजावर आवाज चढवून ते आता आलेलं आहे. फक्त मला सरळ ओळीत बोलता येत नाही, एकातून दुसरं निघतं, तेवढं सांभाळून घ्या.

2021 च्या जानेवारीत राज्यातल्या 14 हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यात मी निवडून आले. त्या पाच वर्षांचा हिशोब द्यायला मी उभी आहे. हिशोब खरं तर गावात द्यायचा. तिथं दोनदा दिलाय. पण ताईंनी सांगितलं, मिरजगावला आजूबाजूच्या गावांतल्या बाया जमणार आहेत, त्यांच्यासमोर बोला. मी म्हटलं, येते, पण माझ्या वॉर्डातल्या बायांना घेऊन येते. अकराजणी टमटम करून आल्यात, पुढंच बसल्यात. मी काही वाढवून सांगितलं तर त्या इथंच टोकतील. मिरजगाव नगर–सोलापूर रस्त्यावरचं मोठं गाव, कशाच्या तरी निमित्तानं इथं यावंच लागतं. "बाजार करून येते" असं सांगून निघालेल्याही काहीजणी तुमच्यात असतील. असू द्या, मीही पहिल्यांदा बैठकीला तशीच आले होते.

मी उभी कशी राहिले ते आधी सांगते, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. ह्यांना उभं राहायचं होतं. वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली. मग ह्यांनी माझं नाव दिलं. अर्ज भरला त्या दिवशी मी तहसीलला गेले, सांगतील तिथं सह्या केल्या आणि परत येऊन संध्याकाळच्या भाकरी थापल्या. बॅनरवर माझा फोटो बशीएवढा आणि ह्यांचा परातीएवढा. निवडून आल्यावर गुलाल ह्यांच्या अंगावर पडला.

पहिले आठ महिने मी सभेला किती वेळा गेले, तर दोनदा. बाकीच्या वेळी शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा. मी पिठाचा हात पदराला पुसायचे आणि सही करायची. पान कोरं असायचं. एकदा विचारलं, "वर काहीच लिहिलेलं नाही की?" तर म्हणाला, "भाऊसाहेब नंतर लिहितात, वहिनी." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. आता सरकारनं त्यांना ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलंय, पण गावात ते भाऊसाहेबच.

मग एक दिवस माझी मुलगी, बारावीला होती, शाळेच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेली. टेबलावर प्रोसिडिंग बुक उघडं होतं, तिनं सहज वाचलं. घरी येऊन मला म्हणते, "आई, तू ऑफिससाठी खुर्च्या मागितल्यास?" मी म्हटलं, कुठल्या खुर्च्या? ठराव असा होता: महिला व बालकल्याणाच्या 10 टक्के निधीतून कार्यालयासाठी खुर्च्या घेण्यात याव्यात. सूचक म्हणून माझं नाव. अनुमोदक, दुसऱ्या वॉर्डातली माझ्यासारखीच एक. दोघींच्या सह्या खऱ्या.

तुम्हाला हे 10 टक्के माहीत असायला हवेत. ग्रामपंचायतीचं जे स्वतःचं उत्पन्न असतं, घरपट्टी वगैरे, त्यातले 10 टक्के बायांसाठी आणि लेकरांसाठी खर्च करायचे असतात. आमच्या गावाची वसुली बेताची, त्यामुळे ही रक्कमही मोठी नाही. पण अंगणवाडीला पाण्याची टाकी नाही, शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार नाही, आणि त्या पैशाच्या खुर्च्या आल्या. त्या खुर्च्यांवर आम्ही बाया कधी बसलो नाही, कारण सभेला आम्हाला बोलावतच नव्हते.

त्या दिवशी मी ठरवलं, कोऱ्या पानावर सही करायची नाही. बस्स, एवढंच ठरवलं. मोठं काही डोक्यात नव्हतं. पुढच्या महिन्यात शिपाई आला, मी म्हटलं, लिहून आणा, वाचते, मग करते. तो परत गेला. तासाभरात ह्यांना फोन. रात्री घरात जे व्हायचं ते झालं. "तुला काय कळतं त्यातलं? माझी गावात अडचण करतेस." पंधरा दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. ताट वाढायचं, ताट उचलायचं.

मला आधार मिळाला तो जिथून मिळेल असं वाटलं नव्हतं तिथून. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्या ह्यांना म्हणाल्या, "सही तिची हाय ना? मग वाचून करू दे तिला. आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. मस्टरवर अंगठा आधी घ्यायचे, पैसं किती ते आठ दिवसांनी कळायचं. कमी आलं तर म्हणायचे, अंगठा तुझाच हाय." एवढं बोलून परत लसूण सोलायला लागल्या. ह्यांच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. आपल्या तालुक्यात दुष्काळी कामावर गेलं नाही असं घर शोधून सापडायचं नाही. तो अंगठा बऱ्याच घरांत आठवणीत आहे. मला वाटतं, त्या एका वाक्यानं माझं जेवढं काम केलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणानं केलं नाही.

आता थोडं मागचं सांगते. आपण आज पंचायतीत बसतो ते कुणी सहज दिलेलं नाही. आपल्या राज्यात 1990 मध्ये 30 टक्के जागा बायांसाठी राखून ठेवल्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, तिनं देशभर एक तृतीयांश केल्या. 2011 मध्ये महाराष्ट्रानं निम्म्या केल्या. पण त्याच्याही आधी, 1989 साली, जळगाव जिल्ह्यात विटनेरला शेतकरी संघटनेच्या बायांनी पूर्ण बायांचं पॅनल उभं केलं आणि पंचायत ताब्यात घेतली. 30 टक्के राखीव जागा नव्हत्या तेव्हा. आपल्या जिल्ह्यात नेवासे तालुक्यात भेंडे खुर्दला नव्वदच्या दशकात सगळ्या बायांची पंचायत होती. अशा पंचायतींवर बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेलं एक इंग्रजी पुस्तक 1998 मध्ये आलं, त्याच्या नावाचा अर्थच असा आहे की मग पोळ्या कोण करणार? आमच्या घरात पोळ्या नाही, भाकरी; पण प्रश्न तोच. आपल्या जिल्ह्याची आदर्श गावं सांगा म्हटलं की राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावं येतात, आणि तिथलं काम आहेच मोठं. भेंडे खुर्दचं नाव मात्र मला वयाच्या चाळिशीत कळलं. ह्याचा मला राग आहे, तो मी लपवत नाही.

कायदा आला आणि कायद्याला वळसा घालणारेही आले. सरपंचपती, सदस्यपती. 2023 मध्ये केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाला यावर समिती नेमावी लागली, 2025 मध्ये तिचा अहवाल आला, त्यात दंडाची शिफारस आहे. चांगलं आहे. पण आता वळसाही शिकलेला झालाय. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन खर्च होतो. त्याला सरपंच आणि भाऊसाहेब अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते, पेनड्राइव्हसारखा. आमची सरपंच बाईच आहे. मी तिला विचारलं, "तुझा डोंगल कुठं आहे?" ती म्हणाली, "ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये." "आणि पासवर्ड?" "तो पोराला माहीत आहे, कॉम्प्युटरवाल्याला." म्हणजे माझ्या सहीला निदान माझा हात तरी लागत होता. तिच्या सहीला तिचा हातही लागत नव्हता! ती शिकलेली आहे, माझ्यापेक्षा जास्त. आम्ही दोघी बसलो, डोंगल ड्रॉवरमधून काढून तिच्या कपाटात ठेवला, पासवर्ड बदलला. पहिल्या महिन्यात तीन बिलं अडकली आणि तिच्यावर "बाईमुळे गावाचा विकास थांबला" असा शेरा बसला. तुमच्यात कुणी सरपंच असेल तर आज घरी जाऊन एवढंच बघा, डोंगल कुठं आहे.

आता कामांचा हिशोब.

दिवाबत्तीपासून सुरू करते. 2016 च्या जुलैमध्ये आपल्याच तालुक्यात कोपर्डीला शाळकरी मुलीवर बलात्कार झाला, तिला मारून टाकलं. त्यानंतर राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले, 2017 मध्ये नगरच्या न्यायालयानं तिघांना फाशी सुनावली. तेव्हा मी घरातच होते, कुठल्या पदावर नव्हते. पण त्या काळात आमच्या वॉर्डातल्या चार मुलींची शाळा सुटली, तेवढं मला पक्कं माहीत आहे. कारण वस्तीवरून शाळेच्या रस्त्यापर्यंत अंधार, हिवाळ्यात क्लास सुटेपर्यंत दिवस मावळलेला. आईबाप म्हणाले, नको ती शाळा. मोर्च्यांत पुष्कळ मागण्या होत्या. वस्तीच्या रस्त्यावर खांब कुणी बसवायचा, हे मात्र कुणाच्याच यादीत दिसलं नाही. माझा मुद्दा साधा आहे: रस्त्यावरचा दिवा हा बाईच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि तो पंचायतीच्या हातात आहे.

मी निवडून आले त्याच वर्षी, 2021 मध्ये, बिलं थकली म्हणून राज्यात गावोगावच्या रस्त्यावरच्या दिव्यांची वीज तोडली गेली. आमचीही तोडली. मी सभेत म्हटलं, आधी बिलाची वाट काढा, मग स्वागत कमानीचं बघू. कमान चौकात व्हायची होती, तिथं दुकानांचा उजेड तसाही असतो. कमान पुढं ढकलली, वीज जोडून घेतली. वस्तीच्या रस्त्यावर नवे खांब मिळायला मात्र दोन वर्षं गेली. सहा मागितले, चार मिळाले. त्याआधी सौरदिवे लावले होते, तीन महिन्यांत बॅटऱ्या चोरीला गेल्या. चार खांबांतला एक आजही बंद आहे. (समोरून: "दोन बंद हायेत!") ऐका, दोन बंद आहेत. मी म्हटलं नव्हतं का, टोकतील म्हणून. त्या चार मुलींपैकी एकीचं लग्न होऊन गेलं होतं, दोघींनी शाळा धरली नाही, एक परत गेली. एक. हा माझा दिवाबत्तीचा हिशोब.

पाण्याचं जास्त सांगते, कारण तिथं आम्ही खरं काही शिकलो.

जलजीवन मिशन 2019 मध्ये आलं. माणशी रोज 55 लिटर पाणी, नळानं, घरात. मुदत 2024 होती, ती 2028 पर्यंत वाढवली. आमच्या वॉर्डात पाइप आला, नळ आला, नळाला तोटी आली आणि पाणी आठवड्यातून दोनदा येतं. 2025 मध्ये राज्यात ठेकेदारांची बिलं थकली, कामं जागेवर थांबली, टाकीचं आमचं काम त्यातच अडकलं. 2024 च्या उन्हाळ्यात तर टँकरच होता. म्हणजे नळ आहे म्हणून कागदावर आमचं गाव झालेलं, आणि हंडे घेऊन आम्ही टँकरमागं पळतोय.

गावाची पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या बाया असायला लागतात. मी त्या समितीत होते. मला ते दीड वर्षानं कळलं! समितीतल्या दुसऱ्या एक आजी वारलेल्या होत्या, त्याही सभांना हजर होत्या, कागदावर. हसू नका, तुमच्या गावातली यादी बघून या आणि मग हसा.

तर त्या योजनेत एक चांगली गोष्ट आहे. प्रत्येक गावात 5 बायांना पाणी तपासायचं शिकवायचं आणि किट द्यायचं. आमच्याकडे किट आलं होतं, कार्यालयात कपाटावर खोक्यात पडून होतं. आम्ही ते मागून घेतलं. त्यात एक छोटी बाटली येते. तिच्यात पाणी भरायचं, उबेला दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात घाणीतले जंतू आहेत, शौचातले. आमच्या वॉर्डात त्या पावसाळ्यात घरटी एकाला जुलाब होते. तुळसाबाईसारख्या म्हाताऱ्या बायांचं म्हणणं, पावसाचं पाणी आहे, व्हायचंच. आम्ही पाच ठिकाणचं पाणी घेतलं. बाटल्या चुलीच्या मागं फळीवर ठेवल्या, उबेला. आत्याबाई रोज सकाळी उठून आधी बाटल्या बघायच्या, मग चहा. दुसऱ्या दिवशी तीन बाटल्या काळ्याकुट्ट. दोन स्वच्छ. ज्या तीन काळ्या झाल्या ती तिन्ही घरं एकाच लाइनवर होती, आणि ती लाइन गटाराच्या कडेनं गेलेली.

ह्याच्या आधी आम्ही चार अर्ज दिले होते, की पाण्याला वास येतो. उत्तर ठरलेलं: "टीसीएल पावडर टाकतोय, बाई." ह्या वेळी आम्ही अर्ज दिला नाही. ग्रामसभा होती 15 ऑगस्टची. झेंडावंदन झालं, लाडू वाटले, सभा सुरू झाली. मी उठून पाचही बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून कुणाच्या घरची ते लिहिलेलं. आणि म्हटलं, यातली काळी बाटली कोण पिणार? कुणी बोलेना. एका बाप्यानं म्हटलं, बायांनी काहीतरी औषध टाकलं असंल. तेव्हा शाळेतले विज्ञानाचे सर उभे राहिले आणि त्यांनी बाटली कशी काम करते ते सगळ्यांना सांगितलं. ते बोलले म्हणून पटलं, हेही मी नोंदवून ठेवते. आम्ही तेच आधी सांगितलं होतं. पण असो, काम झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, त्याला बंधित निधी म्हणतात, तो दुसरीकडे वळवता येत नाही. "पैसा नाही" हे उत्तर तिथं चालत नाही. एवढा एक शब्द मला माहीत होता म्हणून त्या दिवशी ठराव झाला. तीन महिन्यांत तेवढी लाइन गटारापासून काढून दुसऱ्या बाजूनं टाकली. त्यानंतर दर पावसाळ्यात आम्ही बाटल्या भरतो.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, हे सगळं नळ आणि खांब, यात बाईच्या हक्काचं काय? ताई लोक मला सुरुवातीला असंच विचारायच्या, प्रेमानं, पण विचारायच्या. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. ज्या बाईचा दिवस हंड्यामागं जातो तिला शिबिराला यायला सांगणं मला जमत नाही, एवढंच.

आता घराच्या नावाचं. ग्रामपंचायतीत नमुना 8 असतो, घरपट्टीची आकारणी नोंदवही. त्यात घर कुणाच्या नावावर ते लिहिलेलं असतं. 2003 मध्ये ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं की घराच्या नोंदीला नवरा-बायको दोघांची नावं लावावीत. इतकी वर्षं झाली. आमच्या वॉर्डात मी वही बघितली तेव्हा जोडनाव बहुतेक घरकुलांनाच होतं, कारण घरकुल योजनेत ते लागतंच. आता हे खरं आहे की आठचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ती कराची नोंद आहे. मला एका वकिलांनी ते सांगितलं आणि मी थोडी खट्टू झाले. पण त्यांनीच पुढचं सांगितलं. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी चाललीय, घराघराची सनद, मिळकत पत्रिका निघते. त्या चौकशीत ग्रामपंचायतीचं दप्तर बघितलं जातं. म्हणजे वहीत आज आपलं नाव असलं तर उद्या सनदेच्या वेळी बोलायला जागा राहते.

आम्ही दारोदार गेलो. बाप्ये काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे. बाया काय म्हणाल्या ते जास्त ऐकण्यासारखं होतं. एक म्हणाली, "नाव लावलं तर त्यांना वाटंल मी सोडून जायच्या तयारीत हाय." दुसरी म्हणाली, "माझं नाव लागलं तर नणंदाही मागतील." तिसरीनं दार लावून घेतलं. आणि एक, जिचा नवरा दारू पिऊन दोनदा तिला रात्री घराबाहेर काढून मोकळा झालेला, ती म्हणाली, "आत्ता चल, कुठं सही करायची?" तिच्या नवऱ्याची संमती मिळवायला आम्हाला सात खेपा घालाव्या लागल्या. सातव्या वेळी आमचे हे बरोबर आले आणि बोलले. हो, तेच. पंधरा दिवस न बोलणारे. मी त्यांचं कौतुक करायला इथं उभी नाही, पण हिशोब म्हटल्यावर जमेची बाजूही सांगावी लागते. वॉर्डातल्या निम्म्या घरांना अजून जोडनाव लागलेलं नाही.

जे जमलं नाही त्यातलं मोठं सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तेच करायला सांगितलं. मी आमच्याकडे विषय मांडला. पाच मिनिटांत एकमतानं मंजूर! मला वाटलं जिंकले. नंतर कळलं, एकमत एवढ्यासाठी की कुणालाच ते खरं वाटलं नव्हतं. पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं, वॉर्डातल्या विधवा बायांना घरी जाऊन बोलावलं. नऊजणींना बोलावलं, दोघी आल्या, त्याही दारात उभ्या राहिल्या. त्यांना आत घेतलं तर सवाष्णींतल्या तिघी उठून गेल्या. त्यातली एक माझी सख्खी जाऊ. दोन महिन्यांनी वॉर्डातच एक मयत झाली आणि ठरावाची प्रत हातात घेऊन मी तिथं गेले, तर बायांनीच मला बाजूला सारलं. मी मागं झाले. त्या वेळी मी जोर करायला हवा होता का, हे मला आजही कळत नाही.

इथून जवळच, जामखेड तालुक्यात, चौंडी आहे. 1725 मध्ये अहिल्यादेवी तिथं जन्मल्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, आणि पुढं 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी माळव्याचा कारभार केला, देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या. 2024 मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव दिलं. 31 मेला जयंतीला आमच्या गावातून जीपा भरून लोक चौंडीला जातात, मीही जाते. त्या जीपमध्ये माझी ती जाऊही असते. मी तिला एकदा विचारलं, अहिल्याबाई आपल्या घरी संक्रांतीला आल्या असत्या तर? ती काही बोलली नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिली. पण ह्या वर्षी ती उठून गेली नाही. बसून राहिली, वाण घेतलं, कुणाशी बोलली नाही. असं आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. आपल्यातली एक चांगली सदस्य मुदतीच्या मध्येच गेली, तिसरं मूल झालं म्हणून. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर पद जातं, हा नियम. तिला पहिल्या दोन मुली होत्या. तिसऱ्यांदा राहायचं की नाही हे तिनं ठरवलं नव्हतं, सासरच्यांनी ठरवलं. मूल घराला हवं होतं, पद मात्र तिचं गेलं. नियम करताना लोकसंख्येचा विचार झाला असेल. त्या घरात निर्णय कुणाचा चालतो, याचा झालेला दिसत नाही.

आता जाता जाता कामाचं. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती सभा रजिस्टरमध्ये होते, गावात होत नाही. आधी जुनी रजिस्टरं मागा आणि मागच्या महिला सभेला कोण कोण हजर होतं ते वाचा. तुमचंच नाव सापडायची बरीच शक्यता आहे. मग पुढच्या वेळी खरंच जा. विषय लेखी द्या, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. आणि ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, सही त्यानंतर. वाचता येत नसेल तर मुलीला, सुनेला बरोबर न्या. पैसा कुठं गेला हे ई-ग्रामस्वराजवर मोबाइलमध्ये दिसतं, तेही पोरी काढून देतात. आमच्याकडे तीन नववीतल्या मुली ते काम करतात आणि सगळ्या पंचायतीला त्यांची धास्ती आहे.

आमची टमटम खाली उभी आहे, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. नमुना 8 ला जोडनाव लावायच्या अर्जाच्या तीस प्रती आणल्यात, त्या मागच्या टेबलावर आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी घ्या. आणि दोन दिवे बंद आहेत म्हणाल्या त्या वहिनी, खांबाचे नंबर लिहून द्या, उद्या सकाळी जाते मी कार्यालयात.